तुझ्या मापाची गाडी

रंगा,

सगळ्यांचा अंदाज चुकवलास. आपल्या नोव्हाय गावातल्या अख्ख्या मराठी मंडळींना खात्री होती की ही मोटरसायकल एक दिवस तुझा जीव घेणार. सबनीस काकू तर दर संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता सांगायच्या, "शुभा, त्याला म्हणावं आता चाळिशी उलटली, विक ते धूड." आणि तू गेलास कुठे, तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये, खुर्चीवर बसल्या बसल्या, समोर कोणाच्या तरी स्लाइड्स चालू असताना. गाडी तेव्हा गॅरेजमध्ये उभी होती, चेन पुसलेली, टायरमध्ये हवा बरोबर. बिचारीवर कोणी बोट ठेवू शकत नाही. त्या दिवसांत मला एकदाच हसू आलं ते या विचाराने. लोक भेटायला आलेले, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हसले. मग त्याच नळाखाली रडले. तू असतास तर नुसताच हसला असतास.

तुझं शिक्षण, नोकरी, मंडळातली पदं हे सगळं प्रशांतने ईमेलमध्ये लिहून सगळ्यांना पाठवलं. तुझा दोस्त आहे, मनापासून लिहिलं त्याने. पण त्यात एक वाक्य होतं, "श्रीरंगला मोटरसायकलिंगची आवड होती." ते वाचून माझं डोकं फिरलं. आवड मला गवती चहाची आहे. तुझं जे होतं त्याला आवड म्हणत नाहीत बाप्पा.

२००४ साली ती सेकंडहँड गाडी घरी आली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या शेजारी उभी राहिले आणि विचारलं, "ही माणसांसाठी आहे की उंटासाठी?" सीट माझ्या कमरेच्या वर. तू म्हणालास, डोंगरातले दगड, ओंडके, चर ओलांडायचे तर पोट जमिनीपासून लांब हवं. मी म्हटलं, मिशिगनमध्ये डोंगर कुठे आहेत? तू नकाशा उघडलास आणि उत्तरेकडच्या जंगलातले वाळूचे रस्ते दाखवत बसलास, आणि तोवर वरण गॅसवर करपलं.

एकदाही तिला मेकॅनिककडे नेलं नाहीस. पैशांसाठी नव्हे. तुझं म्हणणं असं की जंगलात फोनला रेंज नसते, तिथे मेकॅनिक कोण आणून देणार? "शुभा, जे आपण घरी उघडलेलं नाही ते तिथे आपल्याला बसवता येणार नाही." म्हणून तू सगळं उघडलंस. हिवाळाभर गॅरेजमध्ये तो केरोसिनचा हीटर भणभणत असायचा, बाहेर ड्राइव्हवेवर बर्फ, आणि आत तू ट्यूब काढायला आणि घालायला शिकत होतास. भांडी घासायचा साबण चोळून टायर रिमवर चढवायचास, आणि शेवटच्या वितीला हमखास पान्याने ट्यूबला चिमटा काढायचास. मग फुस्स. मग परत पहिल्यापासून. मी टॉर्च धरून उभी. "जरा डावीकडे धर. अगं, तुझी डावी नाही, माझी डावी." आपण समोरासमोर असायचो, तरी चूक नेहमी माझ्याच डावीची.

आणि ते फ्रीझरचं प्रकरण. सबनीस काकू आपल्याकडे मोदक करायला आल्या होत्या. ओल्या खोबऱ्याची पिशवी शोधताना त्यांच्या हाती झिपलॉकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लागलं. उघडलं तर चाकाचे दोन बेअरिंग, ग्रीस लावलेले, मटारांच्या शेजारी. "अगं बाई, हे काय खायचं?" तू धावत आलास आणि त्यांना गंभीरपणे समजावून सांगू लागलास, की थंड केलं की लोखंड आकसतं, मग चाकाचा मधला भाग हेअर ड्रायरने तापवायचा, म्हणजे बेअरिंग न ठोकता आत सरकतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हेअर ड्रायर कोणाचा?" मी हात वर केला. नंतर कळलं की शेवटी ते सरकलं नाहीच, आणि तू माझ्या खलबत्त्यातला बत्ता घेऊन ठोकलंस. त्या बत्त्याने कुटलेल्या वेलचीला कितीतरी दिवस गाडीचा वास यायचा. मी ओरडायचे. पण तो चहा आपण दोघं पीत होतोच.

तू तेवढा वेळ गॅरेजमध्ये का घालवायचास ते मला उशिरा कळलं. ऑफिसमध्ये तेव्हा माणसं कमी करणं चालू होतं. एका शुक्रवारी हा, पुढच्या शुक्रवारी तो. घरी येऊन तू काही सांगायचा नाहीस. कपडे बदलून सरळ खाली जायचास, एअर फिल्टर काढायचास, धुवायचास, त्याला ते चिकट तेल लावून पिळून ठेवायचास. स्वच्छ असला तरी धुवायचास. एकदा मी म्हटलं, "अरे, मागच्या आठवड्यात तर धुतलास." तू म्हणालास, "हा धुतला की स्वच्छ होतो, शुभा. बाकी काही माझ्या हातात आहे का?" मी ते तेल पिळायला हातमोजे घालून बसले. आपण दोघं तसे बसलो ती संध्याकाळ मला फार आवडली होती. हे तुला सांगायचं राहिलं. टॉर्च धरून हात दुखतात, जेवण थंड होतं, असं मी जगभर सांगत फिरले. पण खरं तर दिवसभरात तेवढाच वेळ मला वाटायचं की सगळं ठीक होईल.

आता एक गोष्ट मी परत सांगणारच आहे, कारण तू ती कोणाला सांगू दिली नाहीस. कम्युनिटी कॉलेजमधला तो मोटरसायकल शिकवायचा वीकेंडचा कोर्स. तू तिसऱ्याच वळणात पाय टेकवलास आणि नापास झालास. पुढच्या महिन्यात परत गेलास तेव्हा मीही नाव घातलं, नुसतं तुला चिडवायला. आणि मी पहिल्या झटक्यात पास झाले. इन्स्ट्रक्टर तुला म्हणाला, तुमच्या बायकोची नजर बघा, ती जिथे जायचंय तिथे बघते. घरी येईपर्यंत तू कारमध्ये रेडिओ मोठा लावून ठेवलास. मग गॅरेजमध्ये शिरल्यावर म्हणालास, "तिथल्या गाड्या बुटक्या असतात." तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते संपलंच नाही.

मी म्हणायचे, गाडी खाली कर, म्हणजे मलाही चालवता येईल. तू म्हणायचास, खाली केली की दगडाला पोट घासणार. मी म्हणायचे, माझे पाय पोचत नाहीत. तू म्हणायचास, दोन्ही कशाला पोचायला हवेत, एक टेकला की पुरे, शिकून घे. मी म्हणायचे, गाडी माणसासाठी की माणूस गाडीसाठी? यावर तू चेन बघायला लागायचास. चेनचंही तुझं वेगळंच. मला ती सैल दिसायची, तू म्हणायचास, सैलच हवी, खड्ड्यात चाक वर गेलं की तीच ताणली जाते. घट्ट ठेवली तर तुटेल. प्रत्येक गोष्टीत तुझं म्हणणं बरोबर असायचं आणि त्याचाच मला राग यायचा.

चेन आणि फिल्टर तुला एकट्याला जमायचं. एकच काम होतं ज्याला तुला मी लागायचे. गाडीवर माणूस बसला की मागची स्प्रिंग दबते आणि गाडी थोडी खाली बसते. फार बसली तर खड्ड्यात आपटते, कमी बसली तर दगडावरून टणाटण उडते. किती बसावी ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं, आणि मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरची एक रिंग फिरवून ते जुळवायचं असतं. मागच्या मडगार्डपासून चाकाच्या मधल्या दांड्यापर्यंतचं अंतर आधी रिकाम्या गाडीचं मोजायचं, मग माणूस बसल्यावर. बसणाऱ्याला आपलं आपण मोजता येत नाही. मागे वळून वाकलं की वजन सरकतं आणि आकडा खोटा येतो. म्हणून दर वसंतात, रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन गेलं की, तू बूट, जाकीट, हेल्मेट, पाठीवर पाण्याची भरलेली पिशवी अशा पूर्ण थाटात गाडीवर चढायचास. एक हात भिंतीला, पाय दोन्ही फूटपेगवर, नजर समोर, पासपोर्टचा फोटो काढतात तसा ताठ. आणि मी खाली उकिडवी, हातात टेप.

"आकडा सांग."

"आधी सांग, श्रीखंडाचा डबा कोणी संपवला?"

"शुभा, आकडा."

"आकडाच सांगतोय कोणी संपवला ते."

त्या रिंगवर तुझं वजन होतं, रंगा. बुटांसकट, पाण्यासकट, श्रीखंडासकट. तू जायच्या आधीच्या वसंतात शेवटचं लावलं तेव्हा मीच मोजलं होतं.

आपण उत्तरेकडे गेलो ती ट्रिप आठवते? मी मागे बसलेली. मॅकिनॉच्या पुलावर मधली लेन लोखंडी जाळीची, आणि जाळीतून खाली पाणी दिसत होतं. चाकं जाळीवर साप चालल्यासारखी हलत होती. तू ओरडून सांगत होतास, हँडल सैल धर, गाडीला आपलं आपण जाऊ द्यायचं. मी ओरडून सांगत होते की हँडल तुझ्या हातात आहे, मी तुझं जाकीट धरलंय. पुढे जंगलात वाळू लागली आणि आपण अगदी सावकाश, जवळजवळ सभ्यपणे, आडवे झालो. पाइनच्या काड्यांत पडल्या पडल्या तू काय म्हणालास? लागलं का, असं नाही. "टायरमधली हवा कमी करायची राहिली." मी पडल्या जागी इतकी हसले की उठता येईना. मग तू मला शिकवलंस गाडी कशी उचलायची: तिच्याकडे पाठ करायची, सीटला टेकायचं, आणि हातांनी नाही, पायांनी मागे मागे चालत उठवायची. मी उचलली. एकटीने. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तसा मी नंतर फारदा पाहिला नाही, आणि तो माझ्यामुळे होता, हे मला पुष्कळ आहे.

तर आता इथली गोष्ट ऐक.

तू गेलास तेव्हा तुझ्या आई इथेच होत्या, उन्हाळ्यासाठी आलेल्या. परतीचं तिकीट पुढे ढकललं. "तुला एकटीला टाकून मिरजेला काय करू?" म्हणाल्या. दोघीच असतो घरात. त्या सकाळी आंघोळ झाली की कापड घेऊन गॅरेजमध्ये जातात, तुझ्या गाडीची टाकी पुसतात, हँडल पुसतात, आणि येऊन चहा ठेवतात. प्रशांत एकदा म्हणाला, "वहिनी, विकायची असेल तर सांगा, चांगला बायर आहे, माझ्याच टीममधला." मी नाही म्हटलं. आईंनीही मान हलवली. विकायची नाही, यावर आमचं एकमत होतं. पुढे मात्र नव्हतं. मी म्हटलं, आई, मी चालवणार आहे ती. त्या म्हणाल्या, "हात लावू नकोस गं. त्याने ठेवलीय तशी राहू दे."

दोन्ही जमणार नव्हतं. तुझ्या मापावर मला ती चालवता येत नाही, आणि माझं माप लावलं की तुझं जातं. मलाही आईंसारखंच वाटायचं, सांगते तुला. तुझे शर्ट मी देऊन टाकले, चपला दिल्या, चष्मा दिला. पण त्या रिंगला पाना लावायला हात उठेना. पाना घ्यायचे, शॉकपाशी बसायचे आणि परत जागेवर ठेवून यायचे. आणि तरी ती गाडी नुसती उभी बघवत नव्हती. तुला स्वच्छ गाडी कधी आवडली?

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मनाशी म्हटलं, रिंग राहू दे, नुसतं मोजून तरी बघू. बूट घातले, जाकीट घातलं, एक हात भिंतीला टेकवून चढले. टेप दुसऱ्या हातात. मागे वळून आकडा बघायला गेले तर गाडी भिंतीपासून सुटून दुसरीकडे कलायला लागली. माझे पाय हवेत. मी "आई" अशी हाक मारली. कोणाच्या आईला मारली मला माहीत नाही. तुझी आली. कणीक मळता मळता तशीच आली आणि पिठाच्या हातांनी हँडल पकडून उभी राहिली. मिरजेची ती एवढीशी बाई, रंगा, त्या उंटाला धरून.

"काय चाललंय हे?"

"माप घेत होते."

"एकटी?"

"एकटीने घेता येत नाही."

"मग तो कसा घ्यायचा?"

"तो बसायचा. मी घ्यायचे त्याचं."

आईंनी हँडल सरळ केलं. मला भिंतीला नीट टेकवलं आणि आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. नळाचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हात धुतलेले, डोळ्यांना चष्मा, आणि गळ्यात कापडी टेप. त्यांच्या बॅगेतली. अर्ध्या गल्लीचे ब्लाऊज शिवलेत त्यांनी, तू मला सांगितलं होतंस. "तुझ्या त्या पत्र्याच्या टेपवरचे आकडे मला दिसत नाहीत," म्हणाल्या, आणि पदर खोचून खाली बसल्या. "कुठून कुठपर्यंत?"

मी सांगितलं.

"ताठ बस. खांदे पाड. पोट आत घेऊ नकोस, आहे तशी राहा." गिऱ्हाइकाला सांगतात तसं. मग थोड्या वेळाने, "त्याचं किती यायचं?"

मी तुझा आकडा सांगितला. इंचांत करून.

आईंनी टेपवर त्या जागी बोट ठेवलं. जरा वेळ तिथेच ठेवलं. मग म्हणाल्या, "तू बसलीस तरी ही हलेना. जेमतेम दोन बोटं."

"मग ती रिंग सोडायला लागेल. पण आई, त्याचं माप जाईल."

त्या खालूनच म्हणाल्या, "थोरल्याचा सदरा धाकट्याला द्यायचा तर मी शिवण उसवायचेच की. ट्रंकेत ठेवला तर कसर खाते." आणि उठता उठता, गुडघ्यावर हात टेकून, "पण आज नको करू. तो गेल्यापासून तू पोळी नुसती चिवडतेयस, मी बघतेय. असल्या वजनावर माप घेतलं तर पुढच्या महिन्यात परत घ्यावं लागेल. आधी नीट जेव. मग बघू."

तू एवढी वर्षं त्या स्प्रिंगवर पुस्तकं नि फोरम वाचलेस, पण तुलाही हे सुचलं नसतं.

जेवले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, रोज. आई ताटात वाढत राहिल्या आणि मी मुकाट खात राहिले. मग आज सकाळी त्यांनीच विचारलं, "पाना कुठला ते?" रिंग घट्ट बसली होती, तू लावलेली, सुटता सुटेना. सुटली तेव्हा कर्र असा आवाज झाला आणि मी रडले, पान्यावर डोकं टेकून. आईंनी टॉर्च धरला होता. तो त्यांनी जराही हलू दिला नाही. हँडलही थोडं खाली फिरवलं, तू ते तुझ्या उभं राहण्याच्या उंचीला ठेवलं होतंस. परत बसले. गाडी खाली बसली. भिंत सोडली तर डाव्या पायाचा चवडा टेकला, एकच. म्हणजे आपलं भांडण बरोबरीत सुटलं असं धर. दोघांपैकी एकानेही जिंकल्याचं सांगत फिरायचं नाही. तुझं सेटिंग मात्र गेलं, रंगा. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

गॅरेजचं दार उघडलं. आई म्हणाल्या, "लांब जाऊ नकोस. कोपऱ्यापर्यंत जा आणि ये. मी इथेच आहे." चालू केली. किती दिवसांनी तो आवाज घरात घुमला. मी कोपऱ्यापर्यंत गेले, वळणात पाय टेकवला नाही, आणि परत आले. आई ड्राइव्हवेच्या टोकाला येऊन उभ्या होत्या, हाताची घडी, डोळे मिटलेले. मला वाटलं, घाबरल्या. मी इंजिन बंद करायला हात नेला, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "बंद नको करू. अजून एक फेरी मार."

मी हेल्मेटची काच खाली केली आणि गाडी वळवली.